दोदोल सोडून उठता येत नाही

ज्या घरात दोदोल ढवळला जातो त्या घरात वैर टिकत नाही, असं माझ्या सासूबाई फार गंभीरपणे म्हणाल्या. हे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचे दोन्ही मुलगे अंगणातल्या एकाच चुलीच्या दोन बाजूंना एकमेकांकडे पाठ करून बसले होते, आणि थोरल्यानं धाकट्याकडे काडेपेटी मागितली होती ती माझ्यामार्फत.

“भावोजी, तेका सांगा, काडेपेटी दी.”

‘तो’ म्हणजे पास्कू. हात लांबवला असता तर थोरल्याला, म्हणजे इनासला, त्याच्या खिशातून काडेपेटी काढता आली असती. पास्कूनं वाक्य ऐकलं, काडेपेटी काढली, माझ्या हातात ठेवली. मी ती इनासच्या हातात ठेवली. इनासनं चूल पेटवली, काडेपेटी माझ्याकडे दिली, मी ती पास्कूकडे पोचती केली. पोस्टखात्यात माणसं पेन्शनपर्यंत याहून वेगळं काही करत नाहीत.

नाताळला दोन दिवस होते. लग्नानंतरचा माझा पहिला नाताळ, आणि तो सासरी करायचा असं रोजूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्नाआधीच कबूल करून घेतलं होतं. वेंगुर्ल्याच्या अलीकडे खाडीकाठी त्यांची ख्रिस्तांवाची वाडी. मी नगरचा. ख्रिस्ती मीही, पण आमच्या मंडळीत वाइन नाही, मूर्ती नाही, संत नाहीत. लग्न ठरताना सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि एकच प्रश्न विचारला होता, “मगे तुमी इगर्जीत जावन करतास तरी काय?”

खाण्यातही तेच. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतात. दिवाळीचा फराळ कोणता आणि आमचा कोणता हे ओळखायला कॅलेंडर बघावं लागतं. आईनं डबा भरून अनारसे दिले होते. सासूबाईंनी एक तोडून खाल्ला, “बरो आसा,” म्हणाल्या, आणि डबा कपाटावर ठेवला. तो इतका वर ठेवला की त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं.

दोदोल मी तोवर पाहिला नव्हता. नारळाचं दूध, तांदळाचं पीठ आणि माडाचा काळा गूळ, एवढंच सामान. तांब्याच्या मोठ्या कढईत घालून लाकडाच्या जाळावर ढवळायचं. ढवळायचं म्हणजे ढवळतच राहायचं. सकाळी सुरू केलं तर दुपार टळून जाते. आधी ते पेज असते, मग खीर होते, मग चिखल, आणि शेवटी खोबऱ्याचं तेल सुटून सगळा काळा गोळा कढईची कड सोडतो. मधे एक क्षण हात थांबला की खाली लागतो, आणि खाली लागला की सगळा गेला. म्हणून कालथा घेऊन बसलेला माणूस दोदोल सोडून उठू शकत नाही. पाहुणा आला, साप निघाला, कोणी काहीही बोललं, तरी उठता येत नाही.

या घरात त्यावर आणखी एक नियम होता. माझे सासरे मिंगेलबाब यांनी घालून दिलेला. कालथा वल्ह्याएवढा. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना देणाऱ्यानं “धर” म्हणायचं, घेणाऱ्यानं दोन्ही हातांनी पक्का धरून “सोड” म्हणायचं, आणि मगच देणाऱ्यानं सोडायचं. न बोलता कालथा द्यायचा नाही, न बोलता घ्यायचा नाही. फार पूर्वी एकदा कोणा दोघांना वाटलं होतं की दुसऱ्यानं धरलाय. कालथा पडला, कढई कलंडली, आणि त्या साली वाडीतल्या कुत्र्यांचा नाताळ फार चांगला गेला.

आता हे दोघं भाऊ पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण रोजूनं मला एस्टीत सांगितलं होतं. मिंगेलबाब मे महिन्यात गेले. पास्कू जहाजावर आचारी. तेव्हा तो कुठल्याशा लांबच्या बंदरात होता. तार पोचली, त्यानं ‘येतोय’ म्हणून उलट तार केली, कॅप्टनच्या हातापाया पडून सुट्टी काढली, विमान, रेल्वे, ट्रक, जे मिळेल ते धरून आला. अंगणात पोचला तेव्हा मांडवाचे बांबू उतरवत होते. पुरून दोन दिवस झाले होते.

“तो आधी सिमिटरीत गेला,” रोजू म्हणाली, “मग घरी आला आणि सगळ्यांसमोर इनासला म्हणाला, ‘बापाशीक पुरूची तुका घाई झाल्ली.’ बस. तेव्हापासून.”

“इनास काय म्हणाला?”

“काही नाही. इनास काही म्हणतच नाही कधी. सुतार आहे ना. रंधा मारत बसतो.”

“पण थांबायला काय हरकत होती?”

“मे महिना होता.” एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिलाही ते उत्तर पुरेसं वाटत नसावं.

पाच वर्षांत पास्कूचं लग्न झालं, तो सुट्टीत येऊन याच घरात राहिला, एकाच पंगतीत जेवला. फक्त मीठ मागायचं झालं तर कोणीतरी तिसरं लागे. मी आलो तसा तिसरा म्हणून माझी नेमणूक झाली. जावयाला मान असतो म्हणतात, तो हा.

आणि आता घाई होती. पास्कूला मुलगा झाला होता, तीन महिन्यांचा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याचा बाप्तिस्मा ठरला होता. बाप्तिस्म्याला धर्मपिता लागतो. वाडीत त्याला पादरीन म्हणतात. पहिल्या मुलाचा पादरीन बापाचा थोरला भाऊ, हे त्या घराण्यात चालत आलेलं. पण पादरीन होण्याचं बोलावणं मुलाच्या बापानं स्वतः, स्वतःच्या तोंडानं करायचं असतं. निरोप चालत नाही, बायको चालत नाही, आणि मी तर मुळीच चालत नव्हतो. पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, उद्यापासून कन्फेशनला रांग लागेल, आज संध्याकाळची घंटा व्हायच्या आत पादरीनचं नाव येऊन सांगा.

नाव आलं नाही तर बाबूश होता. बाबूश इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा वाजवायचा आणि वाडीतल्या निम्म्या पोरांचा पादरीन होता. कोणत्या घरात भांडण आहे हे बघायचं असेल तर बाबूशचे धर्मपुत्र कोण ते बघावं, असं रोजू म्हणायची.

सासूबाईंना बाबूश नको होता. “आमच्या मिंगेलच्या नातवाक बाबूश पादरीन?” असं त्या आदल्या दिवशी भिंतीवरच्या येशूला विचारत होत्या. पोराचं नाव आजोबांचं, मिंगेल, हे ठरलं होतं. त्याबाबत दोन्ही भावांचं एकमत होतं. ते मीच इकडून तिकडे नेलं होतं.

तर दोदोल चढला.

सुरुवात इनासनं केली. मग त्यानं मला म्हटलं, “धर.” मी धरून म्हटलं, “सोड.” मग माझे हात भरून आल्यावर मी पास्कूला म्हटलं, “धर,” आणि तो म्हणाला, “सोड.” त्याच्याकडून परत माझ्याकडे, माझ्याकडून इनासकडे. रेल्वेच्या दोन डब्यांमधली जी साखळी असते, ती मी. खांदा निखळायला आला होता, पण नियम पाळला जात होता आणि अबोलाही मोडत नव्हता. दोघांचाही चेहरा प्रसन्न दिसायला लागला होता. असाच संध्याकाळपर्यंत दोदोल झाला असता, बाबूश पादरीन झाला असता, आणि मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

सासूबाई पायरीवर काजू फोडत बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी हे पाहिलं. इनासच्या हातात कालथा होता तेव्हा त्या उठल्या.

“जावय, तुमी बाजूक होवा.”

“मी ठीक आहे, मांय.”

“तुमी दमलास.”

“नाही, खरंच…”

“तुमी दमलास,” त्या म्हणाल्या. नगरच्या माणसाला मालवणीतला आवाज समजायला वेळ लागतो, पण हा लगेच समजला. मी उठून पायरीवर बसलो. त्यांनी माझ्या मांडीवर काजूंची परडी ठेवली, म्हणजे माझं उठणं संपलं.

“आता दोघाजणांनीच ढवळूचा,” त्या मुलांना म्हणाल्या. “तिसऱ्या कोणी हात लावूचो नाय.”

रोजू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पास्कूची बायको सेलिन पोराला खांद्यावर घेऊन ओसरीत होती. ती थोपटायची थांबली.

इनास ढवळत राहिला. पास्कू चुलीच्या पलीकडे उभा राहिला, हात छातीवर बांधून. इनासनं फक्त “धर” म्हणायचं होतं. दोनच अक्षरं.

तो म्हणाला नाही.

उन्हं माडांच्या मधून खाली यायला लागली. दोदोल खिरीचा चिखल झाला, चिखलाला बुडबुडे यायला लागले, एकेक बुडबुडा फुटून गरम थेंब इनासच्या मनगटावर उडत होता. तो थेंब पुसायलाही हात काढत नव्हता. सुताराचे हात, तरी मला दिसत होतं की कालथ्याचा फेरा लहान होत चाललाय. शर्ट पाठीला चिकटला होता.

“इनास दमला,” रोजू हळूच म्हणाली.

“मग म्हण ना त्याला काहीतरी.”

“मी काय म्हणू? पाच वर्षं म्हणतेच आहे.”

पास्कूनं घसा खाकरला. मला वाटलं, आता. तो माझ्याकडे वळला.

“भावोजी, तेका सांगा, हात धीमो पडलो.”

मी तोंड उघडायच्या आधीच इनास म्हणाला, “भावोजी, तेका सांगा, जहाजार जावन ढवळ म्हणान.”

“तेका सांगा, जहाजार माझ्या हाताखाली चारजण आसत.”

“तेका सांगा, मगे तेंका पादरीन कर.”

सेलिननं डोळे मिटले. मी परडीतला एक काजू फोडायच्या ऐवजी सालासकट चावला.

“जावयाक कित्याक सांगतास?” सासूबाई म्हणाल्या. “तेंची भाषाच येगळी.”

कालथा कढईच्या तळाला घासत होता, आणि तो आवाज बदलला होता. आधी ओला होता, आता जड. इनास कमरेतून वाकून दोन्ही हातांनी ओढत होता. एका फेऱ्याला त्याचा पाय घसरला. त्यानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

“धर,” तो मला म्हणाला.

आता हे लिहायला सोपं आहे. उठायचं, चार पावलं टाकायची, कालथा धरायचा, “सोड” म्हणायचं. त्या माणसाचे ओठ पांढरे पडले होते. मी परडी खाली ठेवली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या जाळाकडे बघत होत्या. पण रोजूनं माझ्याकडे पाहिलं.

मी उभा राहिलो आणि हात पँटच्या खिशात घातले.

इनासला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती पुढे बरीच वर्षं मला जेवताना दिसायची. मग मान खाली घालून तो पुन्हा ओढायला लागला.

“खाली लागता,” पास्कू म्हणाला. या वेळी तो कोणालाच उद्देशून बोलला नव्हता.

वास आलाच. अगदी बारीक, गूळ करपायच्या आधीचा, गोड वाटतो तसा. पास्कू जहाजावरचा का होईना, आचारी होता. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. इनासचा हात एका जागी अडकला. तो जोर करत होता आणि कालथा जागचा हलत नव्हता.

पास्कूनं उडी मारून कालथा धरला. न बोलता.

इनासनं सोडला नाही. कसा सोडेल? “सोड” कोणी म्हटलंच नव्हतं. चार हातांनी तो कालथा तळापासून एकदम सुटला आणि झटक्यासरशी कढई चुलीच्या दगडावरून एका बाजूला कलली. काळा दोदोल काठापर्यंत आला.

“सोडा नको!” सासूबाई ओरडल्या. “कोणी सोडा नको!”

त्या कांबळं घेऊन धावल्या आणि कढईचा कान धरून उभ्या राहिल्या. मी कांबळ्याच्या दुसऱ्या टोकानं दुसरा कान धरला. त्या साठी ओलांडलेल्या बाईला तिसरा माणूस नको हा नियम तेवढ्यापुरता आठवला नाही. आम्ही दोघं कढई पेलून, ते दोघं कालथा धरून, आणि कढईतला ऐवज ढवळणं तर थांबवता येत नव्हतं. म्हणून दोघं भाऊ एकच कालथा धरून, एकमेकांच्या तोंडावर श्वास टाकत ढवळायला लागले.

आणि त्या अवस्थेत पास्कू बोलला. इतक्या हळू, की चुलीपाशी नसतो तर मला ऐकू आलं नसतं.

“दोन दिस थांबूक तुका काय झाल्ला?”

इनास ढवळत राहिला.

“माझो बापूस व्हतो तो.”

“माझोय व्हतो.”

“मगे? थांबलंस कित्याक नाय? मी ट्रकात सिमीटच्या पोत्यांर बसान इलंय. वाटेत एका ठिकाणी उतरलंय नाय, पाणी पियालंय नाय. माका वाटला, इनास आसा. इनास थांबतलो.”

इनासच्या गालावरून घाम वाहत होता, निदान आम्ही सगळ्यांनी तो घामच धरला. त्यानं एकदा, अगदी निमिषभर, आईकडे पाहिलं आणि लगेच कढईत.

पास्कूच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी सासूबाईंच्या समोर होतो आणि त्यांच्या बाजूनं कढई खाली यायला लागली होती.

“तेका कित्याक इचारतंस?” त्या म्हणाल्या. “थांबा नको म्हणान मिया सांगलंय.”

रोजू दारातून खाली उतरली. “मांय?”

“इनास बर्फ घेवन इल्लो,” सासूबाई कढईशीच बोलत होत्या. “तुझी तार इली तशीच तो गेलो. खय खय फिरलो आणि गाडी भरून बर्फ हाडल्यान. हय, ह्या माडाकडे उभी व्हती गाडी. मी बगूक गेलंय.” कढईचा कान त्यांनी पुन्हा नीट धरला. “मासळीच्या कंपनीचो बर्फ. तेच्यात बांगड्याची खवलां. वास.”

कालथा घासत होता.

“तुझ्या बापाशीन जल्मभर सांजेक न्हावन, कपड्यांर सेंट शिंपडून इगर्जीत वायोलीन वाजवल्यान. तेका मिया बांगड्यासारखो बर्फात घालूचो? माका बगवला नाय. मी गाडी परत धाडलंय. इनास रडलो, थांबया म्हणालो, पाय धरल्यान माझे. मी आयकलंय नाय.”

ओसरीत पोरानं किरकिर केली. सेलिननं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

पास्कू आईकडे बघत होता, पण हात चालू होते. मला तेव्हा दोदोलचं थोरपण पटलं. कालथा हातात नसताना हे ऐकलं असतं तर तो तरातरा चालत खाडीपर्यंत गेला असता, आणि मग वाडीनं आणखी पाच वर्षांचा अबोला पाहिला असता. इथे जाणार कुठे?

“माका कोणी सांगूक नाय,” तो म्हणाला. मग इनासकडे वळला. एका कालथ्यावर चार हात. वळला म्हणजे बोटभर. “तू कित्याक नाय सांगलंस?”

“तू इचारलंस खय?” इनास म्हणाला. “तू सांगलंस.”

“पाच वर्सां?”

“मगे काय, आवशीचा नाव सांगू?”

पास्कूनं तोंड उघडायच्या आधी कढईतून एक मोठा बुडबुडा फुटून दोघांच्याही हातांवर उडाला आणि दोघांनी एकाच वेळी, एकाच सुरात एक शिवी दिली. सिंधुदुर्गात तिला शिवी समजत नाहीत. मी ती नगरला एकदाच वापरून पाहिली.

मी आणि सासूबाईंनी कढई हळूहळू दगडावर सरळ बसवली. आता चार हातांची गरज नव्हती. पण दोघांपैकी कोणीही सोडेना.

“धर म्हण,” पास्कू पुटपुटला.

इनासनं ओठांवरचा घाम खांद्याला पुसला.

“धर.”

“सोड.”

इनासनं सोडला. त्याची बोटं उघडेनात. त्यानं ती एकेक करून उघडली, डाव्या हातानं उजव्याची. मग मागे सरकून अंगणातल्या, तुळशीवृंदावनासारख्या क्रुसाच्या कट्ट्याला टेकला आणि डोळे मिटून उभा राहिला.

पास्कू ढवळायला लागला. आचाऱ्याचा हात, लांब, मोकळा, तळाला चिकटलेलं सगळं हळूहळू सोडवून घेणारा. आमच्याकडे त्याची पाठ होती. थोड्या वेळानं तो त्याच पाठीतून बोलला.

“पोराचो पादरीन होतलंस?”

सासूबाईंनी कांबळं छातीशी धरलं होतं. इनासनं डोळे उघडले. तो विहिरीवर गेला, कळशीत हात बुडवून उभा राहिला, तोंडावर पाणी मारलं, शर्टाच्या टोकानं पुसलं, आणि पुन्हा कट्ट्यापाशी आला. तेवढ्यात मी मनातल्या मनात बाबूशला दोनदा पादरीनचा कोट घातला आणि दोनदा उतरवला.

“माका कोट नाय,” इनास म्हणाला.

“माझो घाल.”

“तुझो माका बसूचो नाय.”

“मगे बटणां लावू नको.”

“बटणां न लावता इगर्जीत जातलंय?”

“पोट कमी कर मगे. सवीस तारखेक टाईम आसा.”

रोजू तिथेच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. सासूबाई तिला म्हणाल्या, “रडतंस काय, काजू हाड.” काजू माझ्या पायाशी सांडले होते. आम्ही दोघं ते गोळा करायला लागलो, आणि त्या निमित्तानं मलाही मान खाली घालता आली.

त्यानंतर दोघं पाळीपाळीनं ढवळत राहिले. “धर.” “सोड.” “धर.” “सोड.” नियमापलीकडे एक शब्द जास्त नाही. पण एकदा पास्कूनं खिशातली काडेपेटी काढून सरळ इनासच्या पुढ्यात टाकली, आणि मी बेकार झालो ते मला कळलं. उन्हं कलली तेव्हा दोदोलनं तेल सोडलं, कढईची कड सोडली, आणि सासूबाईंनी तेल लावलेल्या ताटांत तो ओतून घेतला. किंचित लागला होता. त्यांनी वरून जायफळ किसलं आणि म्हणाल्या, “ह्या सालचो असोच.”

इनास अंगावरच्या ओल्या शर्टानिशी पाद्रीबाबांना नाव सांगायला निघाला. फाटकापाशी थांबला. पास्कू चुलीतली लाकडं ओढत होता.

“येतंस?” इनास म्हणाला.

पास्कूनं हात झटकले आणि गेला. दोघं बांधावरून एकापुढे एक चालत होते, एकमेकांशी बोलत नव्हते, पण मधे कोणी नव्हतं. ते इगर्जीच्या पायऱ्या चढले तेव्हा बाबूश घंटेच्या दोरीला हात घालत होता. यांना एकत्र बघून तो इतका दचकला की त्या संध्याकाळी वाडीत घंटा थोडी उशिरा झाली.

सासूबाई ओसरीत अंधार होईपर्यंत बसून राहिल्या. मी जवळ जाऊन बसलो. काहीतरी चांगलं बोलावं असं वाटत होतं. नगरला आम्ही अशा वेळी प्रार्थना करतो.

“मांय,” मी म्हटलं, “तुम्ही हे पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर?”

“मगे पास्कू माझ्याशी बोललो नसतो,” त्या म्हणाल्या. “एक झील गावात, एक झील जहाजार. दोघांतलो गावातलो रागावलेलो परवडता. तो जाता खय?”

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू भाताला किती पाणी घालायचं ते सांगताहेत. मग उठून त्या आत गेल्या आणि इनाससाठी, त्याला आवडतो म्हणून, खरवडीचा तुकडा वाटीत काढून ठेवला. झाकणही ठेवलं. मला वाटलं होतं की त्या आज कधीतरी त्याच्याजवळ जाऊन काही म्हणतील. त्या ती वाटी झाकून झोपायला गेल्या.

नाताळच्या रात्रीचा मिस्सा झाला. इनासनं सेलिनच्या भावाचा कोट मागवून घेतला, तो त्याला बसला. पोराला घालायचा पांढरा झगा रोजूनं धुऊन इस्त्री करून दोरीवर टांगला. आणि सव्वीस तारखेला सकाळी बाबूश सायकलवरून निरोप घेऊन आला की पाद्रीबाबांचे दोन्ही गाल सुजलेत, गालगुंड आहे, डॉक्टरांनी लहान पोरांजवळ जायची बंदी केलीय.

बाप्तिस्मा जानेवारीच्या शेवटी झाला, पादरीन इनासच. पास्कू तेव्हा जहाजावर होता.